वानखडे काकूंची पायी गाडी

आमच्या शेजारी देशमुखांच्या वडिलांची तेरवी होती. पंगत बसायची वेळ झाली होती आणि सगळी माणसं, माणसांच्या सवयीप्रमाणे, नेमकी मंडपाच्या दारातच उभी होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "दारात थांबू नका हो, पुढं सरका! आतमंदी जागा रिकामी हाय! ज्याइचं जेवन झालं त्याइनं मांगच्या दारानं उतरा!"

मंडप हलला. वकील, जावई, व्याही, सगळे निमूट पुढे सरकले. खांबाला धरून रडत असलेल्या देशमुखांच्या आत्याबाईसुद्धा डोळे पुसत पुसत दोन पावलं सरकल्या. पाच मिनिटांत पंगत बसली. वाढप्यांनी एवढी शिस्तीतली तेरवी अमरावतीत पाहिली नव्हती.

वानखडे काकूंची आणि माझी ही पहिली भेट. त्या तेव्हा आमच्या कॉलनीत नुकत्याच राहायला आल्या होत्या.

काकू एसटीत कंडक्टर होत्या. यजमान ड्रायव्हर, ते अचानक गेले. मुलगा लहान होता. घर चालवायला काकूंनी तिकिटांची पिशवी खांद्याला लावली आणि अमरावती-तिवसा भागातल्या गाड्यांवर सगळी नोकरी उभ्यानं काढली. मुलगा शिकला, पुण्याला गेला, तिथे रमला. तो रविवारी फोन करतो. काकू रिटायर झाल्या तेव्हा पिशवी डेपोत जमा झाली, पण कंडक्टर काही जमा झाला नाही.

ओळख झाल्यावर लोक विचारतात, काय करता, कुठे असता. काकू विचारतात, "कुठवर?" हा प्रश्न शिक्षणाचा असतो. आमच्या इस्त्रीवाल्याची मुलगी म्हणाली, "बारावी झाली, काकू. आता घरीच हाय."

"घरीच? अर्ध्या रस्त्यातच उतरली का व? गाडी त पुढं जाऊन राहिली. चढ परत!" असं म्हणून तिला स्वतः कॉलेजात घेऊन गेल्या. प्रवेशाच्या रांगेतल्या सगळ्यांना भिंतीच्या कडेनं उभं केलं ते वेगळंच.

मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक आहे, हे कळल्यापासून काकूंची सकाळची पहिली फेरी माझ्या घरी असते. हातात आमचाच पेपर. पान उघडून त्या माझ्यासमोर धरतात, जणू मी विनातिकीट सापडलोय.

एकदा चौकात एक कॉलेजचा मुलगा स्कूटरवरून पडला. पाय मोडला होता. भोवती ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल उभा. काकू भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ओरडल्या, "मोबाइल खिशात! तू चष्मेवाला, याचं डोकं धर. तू हिरो, ऑटो थांबव. बाकीचे उतरा खाली, गाडी फुल झाली!" मुलगा दवाखान्यात पोचला. आमच्या पेपरात दुसऱ्या दिवशी आलं, अपघातात तरुण जखमी.

काकू पेपर घेऊन हजर. "पडनाऱ्याचं नाव छापलं. गाडीचा नंबर छापला. उभं राहून पाह्यनाऱ्याइचे नावं काहून नाई छापले?"

"काकू, पेपरात एवढी जागा नसते."

"हाव ना, मले मालूम हाय," काकू म्हणाल्या. "पाह्यनाऱ्याइची गर्दीच लय असते."

काकू अधूनमधून आपल्या जुन्या रूटवर गाडीनं जाऊन येतात. काम काही नसतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका फेरीहून त्या तडक माझ्याकडे आल्या. चप्पलसुद्धा काढली नाही.

तिवश्याच्या अलीकडे धामणखेडीचा फाटा लागतो. तिथून आत गाव. काकूंच्या वेळी गाडी गावात जायची आणि पोरींचा घोळका चढायचा, तिवश्याच्या शाळेत जाणारा. त्या दिवशी गाडी फाट्यावरच थांबली. चढली एकच मुलगी. नववीतली, स्नेहल नावाची, धापा टाकत.

"मी इचारलं, बाकीच्या कुठी हायेत?" काकू सांगत होत्या. "त म्हणे, त्याइले घरी बसवलं. नाल्यावरचा पूल खोदून ठेवला बाप्पा! ठेकेदार खोदून गेला तो गेलाच. गाडी गावात जात नाई. पोरीइले वावरातून पायी या लागते. मायबापानं सांगतलं, नाई जायाचं. भाऊ, दिवाईपासून शाया बंद हाय त्याइची! अन् कोनी बोलून नाई राहिलं. तुमी छापा."

मी छापलं. म्हणजे बातमी चांगली लांब लिहिली होती. पण संध्याकाळी जाहिरात आली आणि बातमी आतल्या पानावर चार ओळींची झाली. जाहिरात एका शिकवणी वर्गाची होती, हसणाऱ्या गुणवंतांच्या फोटोंची. त्यांच्या पायाशी धामणखेडीच्या मुली.

सकाळी काकूंनी ती बातमी भिंगातून वाचली. "हे बातमी हाय," त्यांनी विचारलं, "का औषधाच्या बाटलीवरची सूचना?"

मग त्यांनी मोबाइलवरच्या एका न्यूज चॅनलच्या पोराला गाठलं. तो गाडीनं आला, कॅमेरावाला घेऊन. काकूंनी घरोघर जाऊन मुलींना आणि त्यांच्या आयांना नाल्यावर जमवलं. मीही सुट्टी काढून गेलो होतो.

पोरानं खड्डा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. खड्ड्यात काही घडत नव्हतं. तो मुलींना म्हणाला, "ताई, थोडं खड्ड्यात उतरा ना. आणि एखादीला रडता येईल का?"

"रडाले काहून लावतो रे?" काकू म्हणाल्या. "खड्डा दाखव ना, खड्डा! एवढा मोठा हाय, तुले दिसून नाई राहिला का?"

मग त्यानं माइक काकूंच्या तोंडाशी नेला. "आजी, हे सगळं पाहून तुम्हाला काय वाटतं?"

"वाटाले का मी पाटा-वरवंटा घेऊन बसली इथी? भैताडा, पूल कवा होते ते ठेकेदाराले इचार!"

आया हसल्या, मुली हसल्या, कॅमेरावालाही हसला. नंतर काकू बराच वेळ नीट बोलल्या. शाळा बुडाली की मुलीचं काय होतं, लग्नं कशी लवकर उरकतात, सगळं. मी स्वतः ऐकलं.

संध्याकाळी चॅनलवर काय दिसलं? पाटा-वरवंटा. तेवढंच. मागे कसलंसं टुणटुण संगीत आणि वर मोठ्या अक्षरांत 'आजीनं दिला दणका!' खड्डा नाही, मुली नाहीत, गावाचं नाव नाही.

तो तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. अकोल्याहून काकूंच्या नणंदेचा फोन आला, "वैनी, तू त फेमस झाली व माय! आमच्या पुऱ्या गल्लीनं पाह्यलं."

काकू म्हणाल्या, "पूल पाह्यला का?"

"कोनता पूल?"

बाजारात भाजीवाला म्हणाला, "काकू, एकडाव म्हणा ना ते पाटा-वरवंटा." बँकेत एका साहेबानं उठून फोटो काढून घेतला. काकूंनी त्यालाही पुलाचं सांगितलं. तो म्हणाला, "हो हो, फारच वाईट," आणि पुन्हा हसत जागेवर बसला.

पुढचे काही दिवस काकू माझ्याकडे फिरकल्या नाहीत. आमच्या घरी सकाळ अगदी सुनी सुनी वाटायला लागली. शेवटी मीच गेलो. त्या पलंगावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, म्या खड्डा दाखवला अन् लोक मले पाहून हासले. आता कोनाले सांगू?"

मी काही सांगितलं असतं तरी ते चार ओळींचंच झालं असतं.

त्यानंतर काकू सकाळी दिसेनाशाच झाल्या. दाराला कुलूप. बायको म्हणाली, मुलाकडे गेल्या असतील. मला तसं वाटेना. एक दिवस रजा काढून मी तिवश्याची सकाळची गाडी धरली, फाट्यावर उतरलो आणि चालत धामणखेडीला गेलो.

मारुतीच्या पारावर काकू उभ्या होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, साडी वर खोचलेली. "लागली गाडी! धामणखेडी-फाटा, फाटा, फाटा! कोन राह्यलं? प्रणाली, वेणी रस्त्यात घाल, चढ लवकर!"

गाडी म्हणजे मुलींची रांग. दोघी दोघींची. पुढे स्नेहल, सगळ्यांत मागे काकू. रोज पहाटेची गाडी पकडून त्या अमरावतीहून येत, फाट्यापासून गावात चालत जात आणि मुलींना घेऊन परत फाट्यावर येत. संध्याकाळी पुन्हा तसंच, उलट.

सुरुवातीला स्नेहलशिवाय कोणी आलं नव्हतं. दोन मुलींचा बाप गजानन म्हणाला होता, "काकू, रस्त्यानं बेवडे बसतात. वावरातली पऱ्हाटी एवढी वाढली, मानूस लपला त दिसत नाई. तुमी म्हातारं मानूस, का करसान?"

"का करसान? अरे, रिद्धपूरच्या यात्रेच्या गाडीच्या टपावरून म्या पियक्कड उतरवले हायेत, तेबी भर पावसात. वावरातला एखादा त मले चिल्लर हाय!"

गजाननानं आपल्या दोघी पाठवल्या. त्या गेल्या म्हणून शेजारच्या गेल्या. मी गेलो त्या दिवशी पायी गाडी चांगली भरलेली होती. मधल्या एका आंब्याखाली काकूंनी थांबाही ठेवला होता, पाणी प्यायला. तिथे पाढे म्हणायचे, अशी सक्ती होती. एक मुलगी तेरावर अडकली तर काकू म्हणाल्या, "सांग व कोनी, मलेबी येत नाई."

मी मुलींच्या रांगेमागून चाललो. मला दोनदा ऐकावं लागलं, "पेपरवाले भाऊ, मधात घुसू नका, लेडीज सीट हाय."

पूल अखेर झाला. माझ्या बातमीनं नाही, चॅनलनं नाही, आणि काकूंनी मधल्या काळात केलेल्या अर्जांनीही नाही. सरपंचाच्या पुतण्याचं लग्न निघालं. वरातीला डीजे ठरला. डीजेची गाडी नाल्यावरून जाईना. मग काय, ठेकेदार सापडला, पाइप सापडले, मुरूम सापडला, रोलर सापडला आणि हां हां म्हणता वरचा रस्ता सपाट झाला.

"पोरी अडकल्या तवा कोनाले दिसलं नाई," काकू म्हणाल्या. "डीजे अडकला त गाव जागं झालं!"

हे वाक्य मी बातमीत घातलं होतं. छापून आली ती बातमी अशी: धामणखेडीचा पूल पूर्ण, ग्रामस्थांत आनंद. सोबत नारळ फोडताना सरपंच.

गाडी पुन्हा गावात जायला लागली त्या पहिल्या सकाळी काकू मला ओढूनच घेऊन गेल्या. गाडी पाराजवळ येऊन उभी राहिली. मुली कलकलाट करत चढल्या. काकूंनी या वेळी कोणाला पुढे सरकवलं नाही. कंडक्टर तरुण मुलगा होता, तो म्हणाला, "काकू, बसा ना." आणि काकू बसल्या. खिडकीशी. शेजारी स्नेहल. मी पलीकडच्या सीटवर.

पुलावरून गाडी गेली तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकू नुसत्या बाहेर पाहत होत्या. महामार्ग लागला, ऊन काचेतून आत आलं, आणि थोड्या वेळानं काकूंची मान कलली. ती स्नेहलच्या खांद्यावर येऊन टेकली. तोंड किंचित उघडं. एवढ्या गोंगाटात त्या गाढ झोपल्या होत्या.

तिवसा आलं. मुली धडाधड उतरल्या. खालून कोणीतरी हाक मारली, "स्नेहल, चाल ना!"

स्नेहलनं ओठांवर बोट ठेवलं. ती हलली नाही. बेल वाजली, गाडी परतीच्या फेरीला अमरावतीकडे निघाली.

मी वाकून हळूच म्हणालो, "अगं, तुझी शाळा?"

"पयला तास पीटीचा हाय, काका," ती कुजबुजली. "येतो मी वापस. झोपू द्या त्याइले. रोज पहाटेच उठून राहिल्या होत्या."

नांदगाव पेठेला गाडीनं ब्रेक मारला तेव्हा काकू जाग्या झाल्या. बाहेर पाहिलं. मग स्नेहलकडे पाहिलं. दप्तर मांडीवर, गणवेशाचा खांदा चुरगळलेला. काकूंना सगळं कळायला एक क्षण लागला. मी डोळे मिटून घेतले. आता अख्खी गाडी हादरणार, याची मला खात्री होती.

डोळे उघडले तर काकू पदरानं त्या पोरीचा खांदा पुसत होत्या. हळू हळू, तिथे काही सांडलं असल्यासारखा.

"घरी झोपच लागत नाई व," त्या तिला म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "घरात कोनाचा आवाजच नसते."

मग त्या उठल्या. स्नेहलचं दप्तर, ती नको नको म्हणत असताना, स्वतःच्या खांद्याला लावलं आणि तिला घेऊन खाली उतरल्या. रस्ता ओलांडताना तिचा हात धरला होता, नववीतली मुलगी असूनही. समोरच्या बाजूला, तिवश्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी दोघी उभ्या राहिल्या. तिथे सावली नव्हती. काकू सरकून उन्हाच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि पोरीला आपल्या सावलीत घेतलं. ती काहीतरी सांगत होती. काकू ऐकत होत्या.

आमची गाडी निघाली.