एक टीबीचा कार्पेट एरिया

"पप्पा, कॉम्प्युटरला डिस्क दोन टीबीचीच घेऊ ना!" उत्कर्षाने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा संपतशेठनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. वाघोलीत सात बिल्डिंगा उभ्या केलेल्या माणसाला जागेचं गणित पोरीने शिकवावं, हे काही त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"गेम किती जागा खातात?"

"चार गेम, सहाशे जीबी. विंडोज आणि बाकीचं पन्नास."

"आन् माझे ड्रोनचे व्हिडिओ, दोनशे साठ."

"गेमिंगच्या कॉम्प्युटरवर तुमच्या साइटचे व्हिडिओ कशाला?"

"जागा रिकामी दिसली की कोण ना कोण येऊन बसतंय. त्यापेक्षा आपणच बसलेलं बरं." संपतशेठनी बटणं दाबली. "नऊशे धा. वर नव्वद उरतात. अपडेट-बिपडेट काय यायचं ते त्यात येऊ दे. वन टीबी बास!"

"पप्पा, एसएसडी डिस्क थोडी रिकामी ठेवायची असते. वीस टक्के तरी. नाहीतर स्लो होते."

"वीस टक्के मोकळी? कुणी सांगितलं? महापालिकेनं?"

पलीकडे गवार मोडत बसलेल्या तिच्या आईने, विजयमालाबाईंनी, मान वर केली नाही. "त्यांनी आजवर बिल्डिंगच्या कडेला वीस फूट सोडले नाहीत गं. तू वीस टक्के कुठे मागतेस?"

झालं. ड्रायव्हर कॉम्प्युटर घेऊन गेला, तौफिक कॉम्प्युटर्समधून एक टीबीची एसएसडी बसवून आणली. आठवडाभर सगळं झकास चाललं. उत्कर्षाच्या कॉलेजची पाच जणींची टीम इंटर-कॉलेज गेमिंगच्या सेमीफायनलला पोचली होती. मॅच शनिवारी पाच वाजता, ऑनलाइन. पाचातली एक जरी हजर नसली, तरी सगळी टीम बाद.

शनिवारी दुपारी बारा वाजता गेमचं नवं अपडेट आलं. साठ जीबीचं. ते टाकल्याशिवाय मॅचमध्ये घेत नाहीत. आणि स्क्रीनवर पाटी झळकली, की ड्राइव्हवर पुरेशी जागा नाही.

"काही नाही, तुमचे दोन-तीन ड्रोन व्हिडिओ उडवते," उत्कर्षा म्हणाली आणि तिने माउस हातात घेतला.

"हात लावू नको!" संपतशेठ खुर्चीवरून अर्धे उठले. "नव्वद शिल्लक होते ना? गेले कुठं?"

"एकवीसच आहेत. हे बघा, टोटल नऊशे एकतीस."

"नऊशे एकतीस? आपण हजार घेतले!"

"असंच असतं पप्पा. सगळ्यांचंच कमी दिसतं."

"सगळ्यांचं दिसत असंल. संपतशेठचं न्हाई दिसायचं! एकोणसत्तर जीबी खाल्ले त्यानं!"

त्यांच्या डोळ्यांत एक जुनी चमक आली. गेली दोन वर्षं त्यांचं कुणाशी मनासारखं भांडण झालं नव्हतं. तलाठी बदलला होता, भाऊबंद थकले होते. आणि आज घरबसल्या भांडण चालून आलं होतं, तेही ज्यात आपली बाजू शंभर टक्के खरी आहे असं! हा अनुभव त्यांना तसा नवीनच होता.

एसएसडी कशी काढतात ते माहीत नसल्यामुळे त्यांनी अख्खा सीपीयूच वायरी उपटून उचलला, गाडीच्या पुढच्या सीटवर बसवला आणि त्याला बेल्ट लावला. उत्कर्षा कीबोर्ड, माउस आणि हेडफोन पोटाशी धरून मागे बसली, कारण कॉम्प्युटर जिथे जाईल तिथे तिला जाणं भागच होतं.

दुकान दोन किलोमीटरवर. नगर रोडवर पोचल्यावर गाडी जी थांबली ती थांबलीच.

"एवढ्या गाड्या येत्यात तरी कुठून?" संपतशेठ हॉर्न दाबत ओरडले.

"तुमच्या बिल्डिंगांमधून," मागून आवाज आला.

दोन वाजता त्यांनी सीपीयू तौफिकभाईंच्या काउंटरवर आदळला. "एकोणसत्तर जीबी कमी भरले!"

तौफिकभाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, सीपीयूकडे पाहिलं, मग संपतशेठकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आधी हळू ठेवा. नाहीतर नऊशे एकतीसही राहायचे नाहीत."

"माल कमी का?"

"माल तेवढाच आहे. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. मोजणी दोन, वस्तू एक. खोक्यावर लिहिलंय."

संपतशेठनी खोकं डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. "एवढं बारीक अक्षर कोण वाचतंय?"

"कुणीच नाही. म्हणून तर बारीक असतं."

"म्हणजे विकताना एक माप, आन् ताब्यात देताना दुसरं?" संपतशेठनी काउंटरवर मूठ आपटली.

तौफिकभाईंनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "पुन्हा म्हणा बरं."

"विकताना एक माप, देताना दुसरं! अहो, माणूस कष्टाचा पैसा घालतो. त्याला वाटतं, हजार मिळणार. आत जाऊन मोजतो तर सात टक्के गायब! विचारायला गेला तर म्हणे बारीक अक्षर वाचा! ही काय रीत झाली?"

दुकानाबाहेर चार-सहा माणसं थांबली. माणसं जमली की संपतशेठना आपोआप जोर चढायचा. त्यांनी बाह्या वर सारल्या. "गिऱ्हाईक मुकं असतं म्हणून त्याला असं लुटायचं?"

"पप्पा, अडीच वाजले. टीममधल्या स्वरालीचे अकरा मिस्ड कॉल आलेत. दोन व्हिडिओ उडवले की विषय संपतो!"

"विषय जागेचा न्हाई, तत्त्वाचा हाय!"

"बरोबर आहे," तौफिकभाई अचानक मऊ आवाजात म्हणाले. "असं करा, लेखी तक्रार द्या. आत्ताच्या आत्ता हिच्या जागी दोन टीबीची बसवून देतो. वरचा फरक माझ्याकडून."

उत्कर्षाने वडिलांची बाही ओढली. "पप्पा, हे फुकट का देतायत?"

"वजन हाय पोरी आपलं, वजन!" संपतशेठ कुजबुजले आणि गाडीतून लेटरहेड घेऊन आले.

"मॉडेल नंबर वगैरे मी खाली टाकतो," तौफिकभाई म्हणाले. "तुम्ही तत्त्व लिहा."

संपतशेठनी लिहिलं. शाळेत निबंधाला कधी चढला नव्हता असा हुरूप त्यांना चढला होता. 'विकताना एक माप सांगणे व ताबा देताना दुसरे माप देणे ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे. कमी भरलेली जागा कुठे गेली याचा खुलासा विकणाऱ्याने केलाच पाहिजे. बारीक अक्षरात छापले म्हणून त्याची जबाबदारी टळत नाही. जेवढे विकले तेवढे मोजून द्यावे, नाहीतर भरपाई द्यावी.' खाली सही, आणि सहीवर कंपनीचा गोल शिक्का. तौफिकभाईंनी कागद दोनदा वाचला, शाईवर फुंकर घातली आणि कामाला लागले.

जुन्या एसएसडीवरचं सगळं नव्या दोन टीबीवर उतरवायला तास गेला. मग साठ जीबीचं अपडेट. चार वाजून पन्नास मिनिटांनी ते शंभर टक्के झालं. घरी पोचायला ट्रॅफिकमध्ये तासभर लागला असता, म्हणून तौफिकभाईंनी दुकानातलाच मॉनिटर पुढे सरकवला आणि आपली फिरती खुर्चीही दिली. पाचला दोन मिनिटं कमी असताना उत्कर्षा मॅचमध्ये शिरली. हेडफोनमधून स्वरालीचा आवाज दुकानभर ऐकू आला, "जिवंत आहेस का गं?"

पुढचा पाऊण तास दुकानात एकही गिऱ्हाईक सरळ उभं नव्हतं. कोण कुणाला मारतंय ते संपतशेठना कळत नव्हतं, पण दर दोन मिनिटांनी ते "मार! डावीकडून घाल!" असं ओरडत होते. बारा-बाराची बरोबरी झाली. शेवटच्या राउंडला चारही मैत्रिणी पडल्या, एकटी उत्कर्षा उरली आणि समोर दोघं. संपतशेठनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड घट्ट धरला. एक पडला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग दुसराही पडला.

"येस्स!" उत्कर्षा खुर्चीसकट गर्रकन फिरली. "पप्पा, फायनल!"

संपतशेठनी त्या अनोळखी माणसाला मिठी मारली, सगळ्यांना चहा सांगितला आणि तौफिकभाईंचे आभार मानायला वळले. तौफिकभाई कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशिनपाशी उभे राहून कागद मोजत होते.

"तौफिकभाई, एवढं काय काढताय?"

"तुमचं पत्र. बेचाळीस कॉप्या."

"बेचाळीस? कंपनीला एक बास की!"

"कंपनीला नाही. आमच्या विंगमध्ये बेचाळीस फ्लॅट आहेत." त्यांनी गठ्ठा काउंटरवर ठोकून सरळ केला. "आपण ओळखलं नाहीत. उत्कर्षा हाइट्स, बी चारशे दोन. नऊशे ऐंशी फूट म्हणून घेतला, सहाशे नव्वद भरला. तुमच्या ऑफिसात विचारायला आलो, तर म्हणाले बाकीचे भिंतीत आणि जिन्यात गेले. ब्रोशरच्या मागे बारीक अक्षरात होतं म्हणे."

संपतशेठचा चहा ओठांपर्यंत येऊन थांबला. "जरा ते पत्र द्या बरं. एक शब्द राहिलाय."

"राहू द्या. अर्थ लागतोय."

"अहो पण... कॉम्प्युटरचं वेगळं, फ्लॅटचं वेगळं!"

"वेगळं आहेच. कॉम्प्युटरचे फक्त सात टक्के गेले."

मिठी मारलेल्या अनोळखी माणसाने पुढे होऊन एक कॉपी घेतली. तो बी तीनशे एक होता. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी दोन घेतल्या, एक त्यांची आणि एक जावेची.

उत्कर्षा मात्र अजून हवेतच होती. "पप्पा, फायनल पुढच्या शनिवारी! ती पण इथूनच खेळू या ना, नेट कसलं भारी आहे! काका, चालेल ना?"

"चालेल की," तौफिकभाई म्हणाले. "शनिवारी आमच्या विंगचे सगळेच मेंबर असतील." मग त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि संपतशेठकडे वळले. "येताना मोजायची टेप तेवढी तुमचीच आणा. नाहीतर म्हणाल, माप वेगळं होतं."