साळूबाईचे काटे आणि तपासणीची विहीर

एका जंगलात, जिथं झाडं कमी आणि समित्या जास्त होत्या, साळूबाई नावाची साळिंदर राहायची. नाकातलं बोट काढा आणि ऐका, बाळांनो. तुम्हीसुद्धा, आजोबा.

तर साळूबाईचे काटे गळू लागले. अंथरुणात काटे, पिठात काटे, पाठीवर मात्र उरले मोजकेच. आणि काटे नसलेलं साळिंदर म्हणजे काय? कोल्ह्याचं जेवण.

ती रडत दरबारात गेली. "महाराज, माझ्या झऱ्याला वास येतोय. वरच्या अंगाला या तरसोबांचा हाडं उकळायचा कारखाना. तिथलं घाण पाणी खड्ड्यात मुरतं नि खालून माझ्या झऱ्यात उतरतं."

तरसोबा हसले. तरसच ते. "वहिनी, जमिनीखालचं पाणी कुठं जातं ते तुम्हाला सांगून जातं का?"

सिंहमहाराजांनी विचार केला. त्यांना तो जड जायचा. मग हुकूम सुटला: कारखाना आणि झरा यांच्यामध्ये तपासणीची विहीर खणा!

विहीर कसली, हात जाईल एवढंच रुंद, पण खोल भोक. काम मिळालं खवलोजी खवल्या मांजराला. तो भलताच सोवळा. नखं उकळून घेतली. भोकात बांबूची नळी घातली. वरची घाण ओघळून आत जाऊ नये म्हणून नळीभोवती चिकणमाती ठासली. वर घट्ट झाकण.

"आत काही पडता कामा नये!" तो ओरडला. "शिंकायचं असेल त्यानं नदीपलीकडं जावं!"

हत्ती बिचारा खरंच गेला.

आता पाणी काढायचं, तेवढ्यात महाराणी म्हणाल्या, "अगंबाई! पूजा न करताच?"

सगळं जंगल ओशाळलं. आत काही टाकू नका म्हणून खवलोजी पाया पडला, पण त्याला वाटलं तसं नाही झालं. लोकांना वाटलं, हा पूजेला लागला. झाकण उघडलं. महाराणींनी हळदकुंकू सोडलं. म्हशीनं दूध ओतलं. माकडांनी नारळ फोडला नि करवंटीसकट आत टाकला. नदीपलीकडून परतलेल्या हत्तीला भरून आलं आणि तो विहिरीतच शिंकला.

खवलोजीनं अंगाचं वेटोळं केलं. तसाच लोळत जाऊन त्यानं पाणी काढलं, हुंगलं, तपासलं.

"हळद, कुंकू, दूध, खोबरं आणि हत्तीचा शेंबूड," तो म्हणाला. "त्याखाली हाडांचा वास आहे की नाही, देव जाणे."

"ऐकलंत?" तरसोबा उडी मारून उठले. "देवाचं नाव निघालं! हे पाणी नव्हे, तीर्थ आहे!"

जयजयकार झाला. साळूबाईचे आणखी दोन काटे गळले. पण बाई मोठी बेरकी. तिनं पानाचा द्रोण भरला नि तरसोबांपुढं धरला.

"घ्या भाऊजी. पहिला मान तुमचा."

"मी? मला आज उपास आहे."

"तीर्थानं उपास मोडत नाही."

"दाढ दुखतेय हो."

"चावायचं नाहीये. गिळायचंय."

"वहिनी," तरसोबा कळवळले, "माझी पोरं अजून लहान आहेत!"

आणि शेपूट घालून जे पळाले, ते टेकडीआड.

साळूबाईला वाटलं, फुटलं बिंग. महाराजांनी डरकाळी फोडली. "तीर्थ नाकारलं? पाखंडी! हद्दपार करा!"

"पण महाराज, का नाकारलं ते तरी—"

"श्रद्धेच्या गोष्टीत का विचारायचं नसतं, साळू."

कारखाना महाराजांच्या मेव्हण्याला मिळाला. मेव्हणा फार भाविक. रोज सकाळी विहिरीला लोटांगण घालतो, तीर्थाचा थेंब डोळ्यांना लावतो, जिभेला नाही, आणि मग खड्ड्यात घाण सोडतो. नैवेद्य दाखवून सोडतो.

साळूबाईला आरतीचा मान आहे. बोडक्या पाठीवर शालू घेऊन ती घंटा बडवते, आणि प्यायचं पाणी दोन डोंगर ओलांडून आणते. वाटेत तिला सगळं जंगल भेटतं. प्रत्येकाच्या डोक्यावर हंडा. कुणी कुणाला काही विचारत नाही.

तात्पर्य: पाणी नासवणाऱ्याचं काही बिघडत नाही, प्यायला नाही म्हणणाऱ्याचं बिघडतं. म्हणून बाळांनो, खुशाल नासवा. फक्त वर दोन फुलं टाकायला विसरू नका.