इंगोले आणि थंडीची साखळी

पाडव्याला आमच्या श्रीखंडात पहिला चमचा पडायच्या आत इंगोल्यांचा थर्मामीटर पडला. खिशातून काढला, रुमालानं पुसला आणि सरळ वाटीत खुपसला. श्रीखंडाला ताप आहे की काय, अशा चेहऱ्यांनी आम्ही बघत राहिलो.

"बारा दाखवून राहिलं, वहिनी. फ्रिजमधून केव्हा काढलं होतं?"

"तुम्ही तपासणीला येणार हे त्याला माहीत नव्हतं," मी म्हटलं, "म्हणून जरा आधीच बाहेर आलं."

ते हसले नाहीत. "साखळी तुटली. माल परत," म्हणाले आणि वाटी अदबीनं माझ्याकडे सरकवली. पुऱ्या मात्र बटाट्याच्या भाजीशी भरपूर खाल्ल्या.

इंगोले मूळचे अकोल्याचे. तिथली तेलगिरणी बंद पडल्यावर पुण्यात आले आणि कर्वेनगरला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटेच भाड्यानं राहू लागले. तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, त्यांच्यामागून मोठाली दुकानं, आणि हिवाळ्यातला मटार उन्हाळ्यात खाणारी माणसंही. तो मटार, लोणी, आइस्क्रीम गारेगार ट्रकमधून पोचवणाऱ्या कंपनीत ते मॅनेजर. वारज्याला हायवेलगत गोदाम. भर उन्हाळ्यात हा माणूस स्वेटर घेऊन कामाला निघतो, हे पाहून आमच्या वॉचमननं त्यांना मलेरिया झाल्याची बातमी सोसायटीभर पसरवली होती.

"कारखान्यापासून दुकानापर्यंत थंडी हातातून हातात जाते, वहिनी. एकानं हात सोडला न, संपलं. मग कितीही गार करा. वरून ताजं दिसते, तोच तर धोका आहे."

कोपऱ्यावरचा वाणी वीजबिल वाचवायला फ्रीझर बंद करतो, हे त्यांनी आइस्क्रीमचा कप नुसता दाबून ओळखलं. "हे एकदा वितळून परत गोठलेलं आहे."

"तुम्हाला खायचंय की सून करून घ्यायचीय?" वाण्यानं विचारलं.

"माल परत," इंगोले म्हणाले.

इथवर माणूस समजण्यासारखा होता. विक्षिप्त, पण सरळ. माझा गोंधळ उडाला तो पुढे.

त्यांची पत्नी मंगलाताई अकोल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पुण्याकडे बदली मिळावी म्हणून दरवर्षी अर्ज करायच्या. दर शनिवारी त्या घरची भाजी गोठवून, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून रात्रीच्या बसनं पाठवत. रविवारी सकाळी इंगोले स्कूटरवर जाऊन खोकं आणत, दारातच थर्मामीटर लावत, आणि आकडा पाहून असे खूश होत, जसा काही मुलाचा निकाल लागलाय. त्यांच्याकडे फोन नव्हता. त्यामुळे खोकं पोचलं का, हे विचारायला मंगलाताई आमच्याकडे फोन करत.

मे महिन्यातल्या एका रविवारी बस नगरच्या अलीकडे बंद पडली. इंगोले सकाळपासून नगर रोडला ताटकळत. इकडे मंगलाताईंचा फोन.

"नाही आलं अजून? पाटोड्यांचा रस्सा होता हो त्यात. नासला असेल तर फेकून द्यायला सांगा." मग जरा थांबून, "यंदाही बदली नाही झाली. तुम्ही नका सांगू, मीच सांगते. दुपारी परत करते फोन."

दुपारी फोन आला तेव्हा मी त्यांना बोलवायला गेले. दार उघडंच होतं. वास दारापर्यंत आला होता. खोक्यात बर्फाचं कोमट पाणी, डब्यातल्या रश्शावर फेस. इंगोले समोर बसून पाटोड्या खात होते. थर्मामीटर शेजारी, कव्हरातच.

"अहो इंगोले! नासलंय ते!"

"जरासं आंबट आहे."

"जरासं? थर्मामीटर लावा की."

"नको वहिनी. लावला तर आकडा दिसेल न."

माझ्या घरच्या स्वच्छ, गोड श्रीखंडाला परत पाठवणारा हाच का माणूस? "फोन आहे," मी म्हटलं. त्यांनी डबा बोटानं पुसून घेतला, हात धुतले आणि आले.

"हो, पोचलं. सकाळीच. मी आलो ते वहिनींनी पाहिलंच नाही, त्यांना काय माहीत? नाही न, बर्फ तसाच होता. पाटोड्या? एक नंबर. संपल्या पण."

मग ते मंगलाताईंचं ऐकू लागले. फोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत.

"असू दे," अखेर म्हणाले. "पुढच्या वर्षी होईल. तू शनिवारचं पाहा. हो, पाटोड्याच पाठव."

रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, ओवा आहे का थोडा?"

मी डबा पुढे केला. ओवा केव्हाचा, कुठे ठेवला होता, काही विचारलं नाही त्यांनी. मूठभर तोंडात टाकला आणि चावत चावत समोरच्या दारात शिरले.