पाच डबे समुद्र

अनंता घरत अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर क्लार्क होता. त्याची आई कौसाबाई उरणच्या मिठागरात वाढलेली. वडील गेल्यावर अनंताने तिला अंबरनाथला आणलं. एकदा जेवताना ती म्हणाली, "हितं वाऱ्याला खारेपणा नाय रं."

एवढंच. दुसरा मुलगा असता तर "हो ना" म्हणून त्याने आमटी वाढून घेतली असती. अनंताने घरात समुद्र आणायचं ठरवलं.

उल्हासनगरला परसरामशेठच्या दुकानात तीन फुटी काचेची टाकी मिळाली. "साईं, खारे पानी की मछली नाजूक है. पहले महीनाभर समंदर की घास जमाओ," शेठ म्हणाले. अनंताला पटलं. (दुकानदाराचं सगळंच पटणं हा त्याचा जुना आजार.)

रविवारी उरणला जाऊन त्याने पाच डबे समुद्राचं पाणी भरलं आणि खडकांवरचं शेवाळ दगडांसकट पिशवीत घातलं. परतीच्या एस्टीत कंडक्टरने विचारलं, "डब्यांत काय?"

"पाणी."

"कसलं?"

"समुद्राचं."

कंडक्टरने त्याच्याकडे कणवेने पाहिलं. "अंबरनाथला एवढी टंचाई आहे?"

मग टाकी लागली, वर ट्यूबलाइट आली, हवेचा पंप सुरू झाला. खारेपणा मोजायला अनंताने दूधवाल्याकडची दूध तपासायची काचेची नळी मागून आणली. (दूधवाला आठवडाभर धास्तावून दाट दूध घालत होता.) पाणी उडालं की खारेपणा वाढतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ नळी बुडवायची, कपाने मोजून गोडं पाणी घालायचं. कारखान्यात दिवसभर डबे मोजून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा मोजत बसे. त्याची पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले. पण शेवाळ फोफावलं. द्राक्षांसारखे हिरवेगार घोस लटकले.

शेजारच्या वेणूबाई बघायला आल्या. "मासे कुठायत?"

"पुढच्या महिन्यात."

"म्हणजे सध्या नुसती भाजी?"

आणि एका सकाळी टाकीतलं पाणी पांढरंफेक झालेलं! हिरवे घोस काचेसारखे पारदर्शक होऊन लोंबत होते.

"दूध कुणी ओतलं यात?" अनंता ओरडला.

त्याची बायको पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहाला पुरत नाही, टाकीत कुठून ओतू?"

"मग आई, तू तांदळाचं धुवण ओतलंस! दोघी मिळून माझ्या जिवावर उठलायत!"

कौसाबाई गॅलरीत वाल निवडत होती. तिने मानही वर केली नाही. संध्याकाळी अनंता कामावरून आला तर आई घरात नव्हती. पिशवी घेऊन ती बदलापूरला, मांजर्लीत लेकीकडे, तुळशीकडे निघून गेली होती.

अनंता पांढऱ्या पाण्याची बाटली घेऊन परसरामशेठकडे धावला. शेठनी ती उजेडात धरली आणि हात जोडले. "बधाई हो साईं! घास पक गई, बीज छोड़ दिया. अपने आप होता है."

"म्हणजे माझ्या आईने काही केलं नाही?"

"इसमें माताजी का क्या काम?"

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून अनंता मांजर्लीला गेला. माफीची वाक्यं त्याने रिक्षात तीनदा घोकली, तिसऱ्यांदा तर त्याचा त्यालाच गहिवर आला. कौसाबाई भाकरी थापत होती.

"आई, चुकलो. मी तुला नको ते बोललो."

"कवा?"

"काल सकाळी. धुवणाचं."

"मना आयकाला नाय आलं. तुजा तो पंप भुर्रर्र करतो ना रातदिस!"

"मग तू रागावून नाही आलीस?"

"झोपाला आयले रं. पंप बंद करशील तवा येते."

घोकलेली दोन वाक्यं अजून शिल्लक होती. ती तशीच गिळून, दोन भाकऱ्या खाऊन अनंता घरी परतला. दारात पद्मजा बॅग घेऊन उभी.

"आई रागावल्यात?"

"नाही गं! तिला ऐकूच आलं नव्हतं," अनंता सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाला.

"मला आलं होतं," पद्मजा म्हणाली. "मी मांजर्लीला चालले. आठ दिवस."

ती जिना उतरली. अनंता गॅलरीत धावला, कठड्यावरून वाकला, काहीतरी मनापासून बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं. खाली ती रिक्षात बसत होती.

"पद्मा," तो ओरडला, "भाताला पाणी किती घालायचं?"