एक काडी लावून देता काय?

शेजारी साखर मागतात, विरजण मागतात. आमच्या शेजारचे दामूभाऊ जळती काडी मागायचे. संध्याकाळचे सहा वाजले की आमचं दार वाजे. दारात दामूभाऊ, खांद्यावर टॉवेल.

"शामराव, एक काडी लावून देता काय?"

मग आपली काडेपेटी घेऊन त्यांच्या क्वार्टरमध्ये जायचं, वातीचा स्टोव्ह पेटवायचा आणि भात शिजेपर्यंत तिथंच बसायचं. कारण स्टोव्ह मध्येच विझला तर?

जवाहरनगरात आम्ही सगळेच दारूगोळ्याच्या फॅक्टरीतले. गेटवर खिसे तपासत, काडेपेटी आत नेता येत नसे. बाकीचे बाहेर पडल्या पडल्या विडी शिलगावत. दामूभाऊ मात्र ती बंदी घरी घेऊन येत. "अन् काही झालं तं?" हे त्यांचं पालुपद. बस वैनगंगेच्या पुलावर आली की ते दोन्ही पाय वर घेऊन बसत, पुलावर तेवढाच भार कमी! तो पूल आजवर उभा आहे तो त्यांच्यामुळेच, हे मी छातीठोक सांगतो.

त्यांच्या घरात भांडं एकच, ॲल्युमिनियमचा एक गंज. भात, वरण, भाजी सगळं त्यातच, एकावर एक. बायको लवकर गेली. मुलगी लता, तिला त्यांनीच वाढवलं. पुढे तिनं बॉयलरवर काम करणारा एक बंगाली मुलगा पसंत केला. दामूभाऊंनी महिनाभर एकच प्रश्न लावून धरला, "अन् बॉयलर फुटला तं?" शेवटी लतानं त्यांना न विचारता लग्न केलं आणि मुंबई गाठली. पाच वर्षं ना येणं ना जाणं.

आणि एका दिवाळीच्या आधी लताचं पत्र आलं. दामूभाऊंनी ते माझ्यासमोर असं धरलं की जणू आतून धूर निघतोय.

"मनीला घेऊन येते, बाबा. चार वर्षांची झाली. रात्री ती पांढरी मॅकरोनीच खाते, चिकन घातलेली, नाहीतर उपाशी झोपते. रुळली तर दिवाळीपर्यंत राहीन. नाहीतर सकाळच्या गाडीनं परत." खाली कृती होती: एकाच भांड्यात लोण्यावर कांदा आणि चिकन परतायचं, पाणी आणि मॅकरोनी घालायची, शेवटी दूध आणि साय.

"एका भांड्याचं तं जमते," दामूभाऊ म्हणाले. आणि मग तीन दिवस झोपले नाहीत. त्यांच्यामुळे आमची अख्खी लाईनही झोपली नाही.

मॅकरोनी मी नागपूरहून, सीताबर्डीवरून आणली. दामूभाऊ करडी गावचे, सात पिढ्या धानाच्या शेतीत. त्यांनी पुडा सुपात ओतला, पाखडला, खडे शोधले. मग एक दाणा उजेडात धरला आणि मटकन खाली बसले.

"शामराव, फसवलं गा तुमाले! सबन दाण्याले भोक. किडली हाय हे!"

"अहो, भोक असतंच त्याला."

"काहून असते? चांगल्या धान्याले भोक कायले पाहिजे?"

"वाफ जायला," मी ठोकून दिलं. तरी त्यांनी प्रत्येक नळीत फुंकर घालून पाहिली. पाव किलो मॅकरोनी, एकेक नळी! माझी बायको दारातून म्हणाली, "दामूभाऊ, बासरी वाजवून राहिले काय?" पण हसायला त्यांना वेळ नव्हता.

खरी धास्ती दुधाची. कोंबडीत दूध पडलं की खाणाऱ्याच्या अंगावर पांढरे डाग उठतात, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत.

"लता खाऊ घालते ना, काही झालं नाही तिला," मी म्हणालो.

"आजवर नाही झालं. माह्या हातानं झालं तं?" कपाळाला हात लावून ते म्हणाले, "दूध नाही टाकलं तं पोरगी उपाशी. टाकलं तं हे असं. मी का करू, सांगा!"

मी काडी लावली, कोंबडी चढली आणि लताला आणायला मी बसथांब्यावर गेलो. अर्ध्या वाटेत खिसा चाचपला. काडेपेटी माझ्याच खिशात, आणि बसची वेळ झालेली! आता स्टोव्ह विझला तर हा माणूस हात जोडून त्याच्यापुढे बसून राहील आणि पोरगी सकाळच्या गाडीनं जाईल. त्यातच बस तासभर उशिरा आली.

मायलेकींना घेऊन धावतच परतलो. स्टोव्ह चांगला भडकलेला. गंजात पांढरंशुभ्र, दाट काहीतरी रटरटत होतं. ओट्यावर माझ्या काडीशेजारी आणखी एक विझलेली काडी पडली होती. मी तिच्याकडे पाहिलं, दामूभाऊंनी झटकन तिच्यावर टॉवेल ठेवला.

मनी पाटावर बसली. मॅकरोनीचा आकार पार गेलेला, तिला खीर म्हणावं अशी अवस्था. मनीनं चमचा हुंगला. दामूभाऊंनी श्वास धरला. मनीनं जीभ लावली, थांबली. आजोबांकडे पाहिलं. चमचा तोंडात गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला दामूभाऊंनी श्वास सोडला, नाहीतर आम्हाला डॉक्टरच आणावा लागला असता.

"आणखी," मनी म्हणाली.

लतानं बोटावर घेऊन चाखलं आणि तशीच थांबली.

"बाबा, यात दूध नाही. कणी टाकली तुम्ही. तांदळाची."

"मूठभर," दामूभाऊ पुटपुटले. "शिजून पांढरी होते ना. दूध टाकाची हिंमत नाही झाली, बाई. काही झालं तं?"

"माझ्या तापात द्यायचे तेच," लता म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. हसलीच असावी. मी मुद्दामच पाहिलं नाही. मग तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं.

ती दिवाळीपर्यंत राहिली. अकरा संध्याकाळी आमचं दार वाजलं नाही. सहा वाजले की मी उगाच उठून कडी पाहून येई. भिंतीपलीकडून मनीचं हसणं आणि दामूभाऊंचं "सांभाळ व माय!" ऐकू येई. स्टोव्ह कोण पेटवतं, हे मी विचारलं नाही. पण एक आठवलं: दामूभाऊंनी पहिल्यांदा काडी मागितली, ती लता गेली त्याच आठवड्यात. त्याआधी पंधरा वर्षं त्या घरी दोन्ही वेळा चूल पेटत होतीच की.

बाराव्या दिवशी सकाळी लता गेली, उन्हाळ्यात पुन्हा येईन म्हणून. संध्याकाळी सहाला दार वाजलं.

"शामराव, एक काडी लावून देता काय?"

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी खुळखुळत होती. मी फळीवरची माझी घेतली आणि चपला घातल्या.