खातूनबीच्या दारच्या पाषाणाची हकीकत

लातूर शहरी फरशी गल्ली म्हणोन जो मुलूख, तेथील पाषाणांवर जे अरिष्ट गुजरले आणि खातूनबीसाहेबांनी ते कैसे निवारिले, तो मजकूर येणेप्रमाणे.

प्रथम पाषाणांचे कुळ सांगणे प्राप्त. निजामाच्या अमलात रस्त्यास पाषाण घालीत, ते हुजूरच्या घोड्यांचे खूर चिखलात रुतू नयेत म्हणोन. रयतेचे पाय रुतले तरी दरबारास फिकीर नव्हती. या गल्लीचे पाषाण त्या घराण्यातील नव्हेत. हे भूकंपाचे. धरणी हालली आणि माळवदे बसली, आणि ज्या भिंती उभ्या राहिल्या त्याही लोकांनी धास्तीने उतरविल्या, आणि मग ठराव जाहला की हा पाषाण पुन्हा छपराखाली नेणे नाही. पायाखाली घालावा, तेथोन कोणाच्या डोईवर पडणार? सबब खातूनबीचे खाविंद जलील गवंडी यांनी घरोघरचे पाषाण गल्लीत बसविले, आणि पाषाणांवरील भिंतीत असतानाच्या कड्या, खळगे पायास लागू नयेत म्हणोन ती बाजू खाली घातली, आणि ज्याचा पाषाण त्याच्या दारी, ऐसे सर्वांस सांगितले.

पुढे जलीलमियां पैगंबरवासी जाहले. जुने घर तर भूकंपातच गेले होते, बेगम नामे लाडकी बकरीही गेली. बाईंची दौलत म्हणावी तर दारचा तो एक पाषाण. त्यास त्या नित्य धूत, आणि समोरील विठाबाई आपुला धूत, आणि कोणाचे मैले पाणी कोणाच्या हद्दीत उतरले यावरून उभय सरकारांत रोज लढाई.

मग शिकवण्यांचा अंमल आला. बिलोली, माहूर येथोन विद्यार्थ्यांच्या फौजा डॉक्टरकी सर करावयास लातुरावर उतरल्या, आणि गल्लीतीलच अमृतरावांनी तेथे मुलींचे वसतिगृह बांधिले. पाषाणांवरून मुलींच्या स्कूट्या घसरत. सबब नगरपालिकेची मंजुरी आणोन, सिमेंटी गट्टू, पाषाण उपटावयाची सब्बल व ट्रॅक्टर यांसह त्यांनी चाल केली.

खातूनबी पाषाणावर ठाण मांडोन बसल्या.

"चाची, उठा की हो. गट्टू लई भारी दिसतेत," अमृतराव वदले.

"तुझ्या वट्ट्यावर बसव मंग. म्या उठत न्हाई."

"बसू दे रे तिला," विठाबाई समोरून वदल्या, "तेवढंच माझ्याकडं पानी यायचं थांबंल."

ऐसे फितुरीचे बोल ऐकोन अमृतरावांनी विठाबाईंचाच मोर्चा आधी फोडिला. पाषाण उलथला, आणि त्याच्या पोटी बकरी बांधावयाची लोखंडी कडी निघाली.

"अगं माय! ही तर माझ्या बेगमची कडी!" म्हणोन खातूनबी धावल्या, आणि ठाणे मोकळे पडताच मजुरांनी तोही पाषाण उलथिला. त्याच्या पोटी दिव्याचा खळगा, तेलाने काळवंडलेला, विठाबाईंच्या जुन्या घरच्या देवळीतील. इतकी वर्षे एकीने दुसरीचा पाषाण धुतला, ऐसे सिद्ध जाहले. जलीलमियांनी हे चुकोन केले की जाणोन, हे त्यांचे त्यांस ठाऊक.

फत्ते जाहली ऐसे मानोन अमृतरावांनी फर्मान काढिले की ज्याने जो पाषाण ओळखिला त्याने तो आपुल्या घरात न्यावा. येथेच मसलत फसली.

"घरात?" विठाबाई खातूनबीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "भूकंपाचा दगड छपराखाली? आधी तुझ्या घरात ने, अमृत्या!"

आणि त्याच समयी अमृतरावांच्या मातुश्री गुरम्मा वसतिगृहाच्या सज्जातून गरजल्या की आपुल्या दारचा पाषाण वर येईल तर आम्ही खाली गल्लीत राहावयास जाऊ. मग अमृतरावांनी हत्यार ठेविले आणि तह जाहला: पाषाण पुन्हा बसवावे, स्कूटीच्या चाकापुरती गट्टूंची पट्टी मधोमध द्यावी.

मजुरांनी विचारिले, अदलाबदल करावी काय? खातूनबींनी कडीवरची माती पदराने पुसली, विठाबाईंकडे पाहिले, आणि हुकूम दिला, "ठीवा जिथल्या तिथं. त्यांनी बसवलंय ते मी हलवीत न्हाई."

दुसरे दिवशी प्रातःकाळी खातूनबींचा पुकारा जाहला, "इठाबाई, घासून धू गं! दगड माझा हाय."

"आन् तू माझ्या दिव्याला काय चार थेंबांत गुंडाळून राहिलीस?"

येणेप्रमाणे फरशी गल्लीची फत्ते जाहली, पाषाण आपुल्या जागी कायम जाहले. पाण्याची लढाई जारी आहे.