वारसा मोजण्याची तीस सेकंदांची पद्धत

जी गोष्ट मोजता येत नाही ती असली काय अन् नसली काय, सारखंच. हे माझं खासगी मत नव्हे. आमच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर ते ठळक अक्षरांत छापलेलं आहे, आणि अहवाल मीच लिहिलेला असल्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल मला तरी शंका नाही.

मी शहराच्या अभिलेखागारात लोकोपयोगिता मूल्यमापन अधिकारी आहे. (पद एक, पाट्या दोन: एक दारावर, एक टेबलावर.) आमच्याकडे चार लाख बारा हजार जुनी पानं संगणकावर चढवलेली आहेत. शाळांची रजिस्टरं, नळजोडणीचे अर्ज, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांविरुद्ध केलेल्या तक्रारी, एका पुलाचे सात नकाशे (पूल झाला नाही). पानं चढवून झाल्यावर मूळ कागद रद्दीत काढले. कागदच जपायचे होते तर एवढा खटाटोप केला कशाला, असा बिनतोड प्रश्न वरून आला होता. रिकामा झालेला हॉल मग मूल्यमापन विभागाला मिळाला. उजेड छान येतो.

आता या पानांचा जनतेला उपयोग काय, हे ठरवायचं कसं? आधी लोकांनाच विचारून पाहिलं. पण लोक काहीबाही सांगतात. एका बाईंनी उपयोगाच्या रकान्यात ‘बरं वाटलं’ एवढंच लिहिलं. आता ‘बरं वाटलं’ची टक्केवारी काढा बघू! शेवटी मीच डोकं चालवलं आणि तीस सेकंदांची पद्धत काढली. जो पानावर तीस सेकंद थांबला, तो लाभार्थी. पाच मिनिटांच्या वर थांबला, तो सखोल लाभार्थी. तीस सेकंदांच्या आत उठला, तो असमाधानी अभ्यागत. ज्या पानाला वर्षभरात एकही लाभार्थी मिळत नाही, ते पान वगळायचं. सुधारण्यासाठी पानाला अख्खं वर्ष दिलं जातं. याहून जास्त कोण काय करणार?

पहिल्याच वर्षी निकाल डोळे दिपवणारे आले. एक गृहस्थ नळजोडणीच्या अर्जावर सलग एकोणीस तास थांबले होते. (चौकशीअंती ते संगणक चालू ठेवून मेहुण्याकडे गेले होते असं कळलं. पण एकाग्रतेचे प्रकार अनेक असतात, अशी नोंद समितीने घेतली.) एकसष्ट टक्के भेटी आमच्याच कर्मचाऱ्यांच्या निघाल्या, साइट चालू आहे ना हे बघायला केलेल्या. त्या मी स्वतः गाळल्या. मी प्रामाणिक माणूस आहे. शिवाय लोक छापील प्रत घेऊन जातात आणि पुन्हा म्हणून फिरकत नाहीत, असं आढळल्यावरून प्रती देणं आणि पडद्याचा फोटो काढू देणं, दोन्ही बंद केलं.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते घड्याळजींपाशी.

घड्याळजी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. दर मंगळवारी सकाळी अकराच्या ठोक्याला यायचे आणि जिन्याखालच्या, वाचकांसाठीच्या संगणकावर शाळेच्या रजिस्टरचं एकच पान उघडायचे. त्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. वय सहा, इयत्ता पहिली. शेवटच्या रकान्यात शेरा: ‘तापाने वारली. नाव कमी केले.’ घरात तिचा फोटो नाही. तिला पाहिलेलं माणूस आता यांच्याखेरीज कोणी उरलेलं नाही. सून तर तोंडावर म्हणायची, “बाबांना बहीण होती, हे बाबांच्याच मनाचं आहे.” ती पोर होती, याला सबंध जगात पुरावा म्हणजे ते पान.

घड्याळजी सवयीने डोळ्याला भिंग लावायचे, पडद्याशी वाकायचे, बघायचे आणि पान बंद करून उठायचे. अकरा सेकंद. वर्षाचे मंगळवार बावन्न, असमाधानी भेटी बावन्न. एखाद्या पानाबद्दल इतकं सातत्यपूर्ण असमाधान मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिलेलं नाही.

आमच्याकडे स्कॅनिंगच्या एक बाई आहेत. कामाला चोख, पण स्वभावाने हळव्या. (त्यांच्या गोपनीय अहवालात मी तसं नमूद केलेलं आहे.) पान वगळायच्या यादीत आलंय हे कळल्यावर त्यांनी आपल्या टेबलावरून ते अर्धा तास उघडं ठेवलं. मी ती भेट गाळली. मग त्या घड्याळजींच्या मागे लागल्या.

“काका, अर्धं मिनिट तेवढं बसा हो पानावर. नाहीतर काढून टाकतील ते.”

“अर्धं मिनिट?” घड्याळजी म्हणाले. “नाव वाचलं, शेरा वाचला, झालं. त्याहून जास्त बघवत नाही गं मला.”

“मग डोळे मिटून बसा!”

“आणि खोटं मोजमाप करू? या वयात?”

बाई कपाळाला हात लावून माझ्याकडे आल्या. “साहेब, अहो, एक पान! एका पानाने काय बिघडणार आहे?”

“पद्धत बिघडेल,” मी म्हणालो. सोमवारी पान वगळलं.

मंगळवारी अकराला घड्याळजी आले. पडद्यावर अक्षरं आली: ‘हे पान उपलब्ध नाही.’ त्यांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. “येईल,” म्हणाले, “थांबतो.” आणि तिथेच बसले. बेचाळीस मिनिटं! पुढच्या मंगळवारी एक्कावन्न. वगळलेली इतर पानं शोधणारी मंडळीही तिथेच येऊन थांबतात, असं लक्षात आलं. आजमितीला ‘हे पान उपलब्ध नाही’ हे आमच्या संग्रहातलं सर्वांत लोकोपयोगी पान आहे. त्यावर सरासरी मुक्काम नऊ मिनिटं, असमाधानी अभ्यागत शून्य. हे यश लक्षात घेऊन उरलेली पानंही टप्प्याटप्प्याने याच धर्तीवर आणावीत, अशी शिफारस मी केलेली आहे. ती मंजूर होईल असं दिसतंय.

परवा स्कॅनिंगच्या बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, त्या मुलीचं नाव काय होतं, आठवतंय तुम्हाला?”

“बाई, तो रकाना आपल्या तक्त्यात नाही.”

“मला आठवतंय,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. सांगितलं मात्र नाही.

असो. तुम्ही हे वाचायला घेऊन आता चार-एक मिनिटं झाली. तुमची नोंद मी लाभार्थी म्हणून केलेली आहे, अभिनंदन. घड्याळजींना बावन्न मंगळवारांत जे जमलं नाही, ते तुम्ही एका बैठकीत केलंत. त्यांच्यासाठी तुम्ही चुकचुकलाही असाल, आणि माझा रागही आला असेल. फक्त एक निरीक्षण नोंदवतो: बाईंनी विचारेपर्यंत त्या पोरीचं नाव काय होतं, हे तुमच्याही मनात आलं नाही.